व्हिसा मिळाला, पण दार बंद: सीमा बंद झाल्यावर नव्या व्हिसाधारकानं काय करायचं?

माझ्या धाकट्या बहिणीला आणि दाजींना कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याची, मंजुरी आली ३० मार्च २०२० ला. लॉकडाऊन लागून आठवडाही झाला नव्हता. पेढे आणायला कोल्हापूरच्या राजारामपुरीत बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून आईनं देवापुढची साखर सगळ्यांच्या हातावर ठेवली. कॅनडानं परदेशी नागरिकांना बंदी घालताना १८ मार्च ही रेघ मारली होती, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्या तारखेपर्यंत ज्यांची मंजुरी झाली त्यांना जायची मुभा, नंतरच्यांना नाही. बारा दिवसांनी गाडी चुकली. ही मंडळी विमानात बसली ऑक्टोबर २०२१ मध्ये. तोवर घरात एक बाळ आलं होतं, व्हिसासाठीच्या मेडिकल तपासणीची मुदत संपली होती आणि दाजींची पुण्यातली नोकरी गेली होती. राजीनामा त्यांनी मंजुरीचा मेल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिला होता.

त्या दीड वर्षात त्यांचे कागद सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. पुढं इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूरकडची ओळखीची पोरं विचारायला यायला लागली. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. कोविडचे नियम आता उठलेत. पण सीमा पुन्हा कधी बंद झाल्या, तर कागद कुठं अडतो आणि कसा सोडवायचा, हे तेव्हा आम्ही ठेचा खाऊन शिकलोय.

पायरी १: आपण कोणत्या रांगेत आहोत ते ओळखा

सीमा बंद होतात तेव्हा सगळे परदेशी एकाच मापानं मोजले जात नाहीत. पहिल्या रांगेत त्या देशाचे नागरिक. दुसऱ्या रांगेत तिथं आधीपासून राहणारे, म्हणजे तिथं घर, नोकरी, पोरांची शाळा असलेले. तिसऱ्या रांगेत आपण: व्हिसा मंजूर, पण त्या देशात अजून पाऊलही टाकलेलं नाही. दार बंद होताना ही तिसरी रांग आधी थांबते आणि उघडताना बहुतेक वेळा शेवटी सुटते. त्यात कुणाचा आकस नसतो. तुमचं तिथं अजून काहीच नाही, त्यामुळं तुम्हाला थांबवणं सरकारला सगळ्यांत सोपं जातं, एवढंच.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि साथीच्या काळात त्याच्या हातात आरोग्याचा वेगळा आदेश असतो. तो आदेश तुमच्या व्हिसाला हातही लावत नाही. व्हिसा वैध राहतो, फक्त चालत नाही. ‘व्हिसा कॅन्सल झालाय का?’ असं घाबरून विचारणारे मला खूप भेटले. कॅन्सल झालेला नसतो, पण त्याच्यावरची मुदत मात्र सरकत असते. दुखणं तिथं आहे.

पायरी २: नियमातली रेघ कशावर मारलीय ते शोधा

बातमीत एवढंच येतं की ‘अमुक देशानं भारतीयांना बंदी घातली’. मूळ आदेश वाचला तर प्रत्येक देशाची रेघ वेगळ्या जागी सापडते. २०२० आणि २०२१ ची उदाहरणं बघा, म्हणजे काय शोधायचं ते लक्षात येईल.

कॅनडाची रेघ मंजुरीच्या तारखेवर होती, वर सांगितलं तसं. ती उठली २१ जून २०२१ ला. पण तेव्हा दुसरीच भिंत उभी होती: २२ एप्रिल २०२१ पासून भारतातून थेट विमानं बंद. ती सुरू झाली २७ सप्टेंबरला. म्हणजे तीन महिने असे गेले की माणसाला जायची परवानगी आहे आणि थेट विमान नाही. प्रवेशबंदी आणि विमानबंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उठली म्हणून दुसरी उठत नाही.

अमेरिकेचीही रेघ तारखेवर होती, पण कागदाच्या वैधतेच्या अंगानं. २३ एप्रिल २०२० ला ज्यांच्याकडं वैध इमिग्रंट व्हिसा होता त्यांना तो आदेश लागू नव्हता. जूनमध्ये एच-१बी, एल-१ वगैरे कामाच्या व्हिसांसाठी तसाच दुसरा आदेश निघाला. त्यामुळं एकाच कंपनीतले दोघं, एकाचा स्टॅम्प आधीचा म्हणून तो गेला आणि दुसरा राहिला, असं होऊ शकत होतं.

ऑस्ट्रेलियानं २० मार्च २०२० ला सीमा बंद केली तेव्हा रेघ व्हिसाच्या जातीवर होती. कायम रहिवाशांना मुभा होती. ४९१ सारखा तात्पुरता प्रादेशिक व्हिसा मिळालेल्यांना वेगळी सूट मागावी लागे आणि ती सहजी मिळत नसे. लस घेतलेल्या अशा व्हिसाधारकांना विनासूट यायची मुभा १५ डिसेंबर २०२१ ला मिळाली. त्यातही मे २०२१ मध्ये काही दिवस असे होते की आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या कुणालाही, अगदी ऑस्ट्रेलियन नागरिकालाही, आत येणं गुन्हा ठरवलं होतं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. इथं रेघ पासपोर्टवर नव्हती, तुम्ही कुठं राहून आलात यावर होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढं तिसऱ्या देशातून जायच्या वाटेत तो लागणार आहे.

ब्रिटननं भारताला २३ एप्रिल २०२१ ला लाल यादीत टाकलं. तिथं राहण्याचा हक्क असलेल्यांना येता येत होतं, पण हॉटेलात विलगीकरण आणि एका प्रौढाला १,७५० पौंड. म्हणजे रेघ खिशावर.

तर आदेश हातात घेतल्यावर पेन्सिलीनं पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. रेघ कोणत्या तारखेवर आहे? कोणत्या व्हिसावर? पासपोर्टवर आहे की मुक्कामावर? सूट आपोआप आहे की अर्ज करून घ्यायची? आणि विमानांचं काय? उत्तरं फक्त त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरून घ्यायची. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ अशी तारीख असते, ती बघून पानाची पीडीएफ साठवून ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीला नवा नियम माहीत नसतो तेव्हा हीच पीडीएफ कामाला येते.

पायरी ३: सगळ्या तारखा एका कागदावर

हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत जास्त हेच उपयोगी पडतं. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढं या तारखा लिहा: पासपोर्टची मुदत, व्हिसाची मुदत, पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख, मेडिकलची तारीख, पीसीसीची (पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याची) तारीख, लसीचे डोस.

या तारखा एकमेकींना बांधलेल्या असतात. मेडिकल साधारण १२ महिने चालते. कॅनडाच्या सीओपीआरवरची (पीआर मंजूर झाल्याच्या कागदावरची) मुदत मेडिकल किंवा पासपोर्ट, यांतलं जे आधी संपेल त्याच्यावर बेतलेली असते. अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा बहुधा सहाच महिन्यांचा. ब्रिटनचा पासपोर्टवर चिकटवलेला प्रवेशाचा स्टिकर तेव्हा ३० दिवसांचा असायचा, लॉकडाऊनमध्ये तो असाच वाया जायचा. ऑस्ट्रेलियाच्या मंजुरीपत्रावर पहिल्या प्रवेशाची तारीख वेगळी छापलेली असते आणि लोक ती बघतच नाहीत, कारण खाली पाच वर्षांची मुदत दिसते.

बहिणीच्या घरी मेडिकल ऑक्टोबर २०१९ ची होती. म्हणजे ऑक्टोबर २०२० ला सगळा डोलारा खाली येणार, हे एप्रिलमध्येच कागदावर दिसलं. सहा महिने आधी कळलं याचा फायदा एवढाच, की धक्का बसला नाही आणि पत्रव्यवहार वेळेत सुरू झाला.

पासपोर्ट संपत आला असेल तर नूतनीकरण आधी उरका. पासपोर्टचा नंबर बदलला की ऑनलाइन व्हिसा जुन्याच नंबराला चिकटून राहतो. नवा नंबर त्या देशाच्या खात्यात भरल्याशिवाय विमान कंपनीच्या संगणकात तुमचा व्हिसा दिसत नाही.

पायरी ४: मागं फिरता येत नाही अशी कामं शेवटी

मंजुरीचा मेल आला की माणसाला घाई सुटते. राजीनामा, भाड्याचं घर सोडणं, गाडी विकणं, पोरांचे शाळेचे दाखले काढणं, सगळं एका आठवड्यात. दाजींनी पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला आणि गाडीही विकली. दाखला तेवढा राहिला, तोही शाळा बंद होती म्हणून. भाची पुढं दीड वर्ष त्याच शाळेत ऑनलाइन शिकली. दाखला काढला असता तर परत प्रवेशासाठी हेलपाटे मारावे लागले असते.

माझा क्रम असा आहे. ज्यांना वेळ लागतो पण नुकसान नाही ती कामं लगेच करा: शिवाजी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, लग्नाचा दाखला, अनुभवाची पत्रं, दातांची कामं, ड्रायव्हिंगचा परवाना. पैसे अडकतात ती कामं, म्हणजे तिकीट आणि तिकडच्या घराचं डिपॉझिट, प्रवेश आणि विमान दोन्ही सुरू झाल्यावरच. आणि नोकरी सगळ्यांत शेवटी. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असला तर साहेबांशी खरं बोलून ठेवा. ‘व्हिसा आहे, सीमा बंद आहे, उघडली की सांगतो’ असं ऐकून चिडणारे साहेब मी कमी बघितले. आपल्याकडं लोक ही गोष्ट नजर लागेल म्हणून लपवतात आणि मग एकदम राजीनामा टाकतात.

कॅनडासारख्या देशात सुरुवातीच्या खर्चापुरती रक्कम खात्यात असल्याचं दाखवावं लागतं, तिला हात लावू नका. नोकरी गेली की पहिला हात तिथंच जातो. उतरताना अधिकारी ती रक्कम पुन्हा विचारू शकतो.

पायरी ५: मुदत संपत आली की लिहा, संपायची वाट बघू नका

त्या काळात बहुतेक देशांनी काही ना काही सवलत दिली. कॅनडानं मुदत संपलेले सीओपीआर पुन्हा दिले. ब्रिटननं संपलेले स्टिकर काही काळ मोफत बदलून दिले. ऑस्ट्रेलियानं प्रवासबंदीत अडकलेल्या काही प्रादेशिक व्हिसांची मुदत २०२२ मध्ये तीन वर्षांनी वाढवली. पण यांतलं बरंचसं मागितल्याशिवाय मिळत नव्हतं.

पत्र इंग्रजीत आणि एका पानाचं ठेवा. वर अर्जाचा क्रमांक, सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे नावं, मंजुरीची तारीख, मुदतीची तारीख. मग दोन ओळींत कोणत्या आदेशामुळं अडलो ते. मग एकच प्रश्न: मुदतवाढ मिळेल का, की नवा कागद मिळेल? सोबत रद्द झालेल्या तिकिटाचा पुरावा असला तर जोडा. आम्ही पहिलं पत्र चार पानी लिहिलं होतं, त्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही होतं. उत्तर आलं नाही. दुसरं दहा ओळींचं होतं, त्याला आलं. दर आठवड्याला तेच पत्र पाठवू नका, त्यानं फाईल पुढं सरकत नाही.

घरात बदल झाला असेल तर तो याच वेळी कळवा. बहिणीला डिसेंबर २०२० मध्ये मुलगा झाला. पीआर मंजूर झाल्यावर, पण तिथं उतरायच्या आधी बाळ झालं किंवा लग्न झालं, तर ते आधी कळवावंच लागतं. न सांगता उतरलात तर त्या माणसाला पुढं कुटुंबाच्या वाटेनं बोलावणंही अवघड होऊन बसतं. बाळाची फाईल जोडायची तर आधी पासपोर्ट, पासपोर्टला जन्माचा दाखला, आणि महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नावच नव्हतं, कारण बारसं झालं नव्हतं. बारसं आधी उरका, गंमत नाही. नाव घातलेला दाखला आला, मग कोल्हापुरातल्या टपाल खात्याच्या पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट. त्यात तीन महिने गेले.

पायरी ६: तिसऱ्या देशातून जायची वाट

एजंट सगळ्यात आधी हीच वाट दाखवतो. २०२१ मध्ये कॅनडाला जाणारे मेक्सिको, सर्बिया अशा वाटांनी गेले, कारण शेवटचं विमान जिथून सुटणार त्या तिसऱ्या देशातली कोविडची टेस्ट कॅनडाला हवी होती. आखातात जाणारी पोरं १४ दिवस नेपाळ किंवा मालदीवमध्ये राहून पुढं जायची. मग एप्रिलच्या शेवटी नेपाळनं ती वाट बंद केली आणि १३ मेपासून मालदीवनं दक्षिण आशियाई पर्यटकांचे व्हिसा थांबवले. जी मध्येच होती ती मध्येच राहिली, हॉटेलाचं भाडं रोज चढतंय आणि मागं यायलाही विमान नाही.

ही वाट घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा. मधल्या देशाचा व्हिसा खरंच लागतो का, नुसता विमानतळ ओलांडायलासुद्धा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिथं दोन-तीन आठवडे राहायचे पैसे आहेत का. आणि तुमच्यावरची रेघ मुक्कामावर आहे की पासपोर्टवर. पासपोर्टवर असेल तर १४ दिवस कुठंही राहून उपयोग नाही. आम्ही दोन लहान पोरांसह ही वाट घेतली नाही. दाजींचं मत वेगळं होतं, त्यावरून घरात आठवडाभर बोलाचाली बंद होती.

आखाताची थोडी वेगळी गोष्ट. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा) असतं आणि नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाताना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरून मंजुरी लागते. सीमा बंद होऊन उघडल्या तरी ती लागतेच. यूएईनं ५ ऑगस्ट २०२१ ला भारतातून येणाऱ्यांसाठी दार किलकिलं केलं, ते आधी तिथला रेसिडेन्स व्हिसा असलेल्या काही गटांसाठी. नव्या एंट्री परमिटवाले मागं राहिले. पुन्हा तीच तिसरी रांग.

पायरी ७: कोल्हापूर ते विमान, तासांचा हिशेब

मुंबई-पुण्यातल्या माणसाला ही पायरी कळत नाही. ७२ तासांची टेस्ट म्हणजे त्याला तीन दिवस. आपल्याला तसं नाही. सॅम्पल कोल्हापुरात दिलं, रिपोर्ट यायला एक दिवस, रात्रीच्या महालक्ष्मीनं किंवा ट्रॅव्हल्सनं मुंबईला जायला एक रात्र, विमानतळावर चार तास आधी हजर, मध्ये दुसरं विमान असेल तर तिथला थांबा. हातात उरतं काय? त्यात २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याबाहेर पडायला पोलिसांचा ई-पास लागत होता.

म्हणून घड्याळ कुठून सुरू होतं ते आधी बघा. मोजायचं सॅम्पल दिल्याच्या वेळेपासून. रिपोर्टवर छापलेल्या वेळेचा संबंध नाही. आणि शेवट कुठं? कॅनडाचा नियम होता की कॅनडात थेट उतरणारं शेवटचं विमान जिथून सुटतं त्या वेळेच्या आधीचे ७२ तास. यूएईला ४८ तास आणि शिवाय विमानतळावर निघण्याच्या काही तास आधी रॅपिड पीसीआर. माझा सल्ला एकच: आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि सॅम्पल तिथं द्या. पाहुण्यांकडं मुक्काम झाला तरी चालेल, टेस्ट कोल्हापुरात नको.

पावसाळ्यात तर नकोच. बाळाच्या मेडिकलची पुण्यातली अपॉइंटमेंट होती २४ जुलै २०२१ ची. कॅनडाच्या पॅनेलवरच्या ठरावीक डॉक्टरांकडंच जावं लागतं. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. रेल्वेचाही भरवसा नव्हता. पुण्याच्या क्लिनिकातली बाई म्हणाली, “इथं तर ऊन पडलंय.” जुलै-ऑगस्टमधली कुठलीही अपॉइंटमेंट किंवा विमान असेल तर कोल्हापूरकरानं चार दिवस आधी नदी ओलांडलेली बरी.

थेट विमानं सुरू झाल्यावर कॅनडानं आणखी एक अट घातली: दिल्ली विमानतळावरच्या ठरलेल्या लॅबची, विमान सुटण्याआधी १८ तासांतली टेस्ट. म्हणजे आधी दिल्ली गाठा, तिथं नाकात काडी, मग सहा तास फरशीवर बसा. केलं.

पायरी ८: लसीच्या कागदावरचं नाव

कागदावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. आपल्याकडं आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय जून २०२१ मध्ये आली, ती नाव जुळल्यावरच धड चालायची. त्याच महिन्यात शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस ८४ ऐवजी २८ दिवसांनी घ्यायची मुभा मिळाली. ही खास सवलत होती आणि मागणाऱ्यालाच मिळत होती, मंजुरीपत्र घेऊन केंद्रावर जावं लागे. कोणती लस कुठं चालते हेही आधी बघा. कोवॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली, तोवर ती घेतलेले कितीतरी जण अडकून होते.

एजंटबद्दल थोडं

‘आतून फाईल पुश करून देतो’ असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सीमा बंद असताना सूट देण्याचा अधिकार ज्याच्याकडं असतो तो शाहूपुरीत ऑफिस थाटून बसलेला नसतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात सल्लागारांची अधिकृत नोंदणी असते, भारतातून नोकरीला पाठवणाऱ्यांना परवाना असतो. तिन्ही याद्या ऑनलाइन आहेत, नाव टाकून बघा. आमच्याकडून एकानं ‘अर्जंट’ म्हणून पंधरा हजार घेतले आणि सरकारी संकेतस्थळावरचा फुकट फॉर्म भरून दिला.

पायरी ९: उतरल्यावर

बोर्डिंग पास, शिक्का आणि सही झालेला कागद यांचा तिथंच फोटो काढा. कांदा-लसूण चटणीची बरणी असेल तर खाण्याच्या रकान्यात खरं लिहा. कॅनडात पत्ता १८० दिवसांत कळवावा लागतो, त्यावर पीआर कार्ड येतं. पाच वर्षांतले ७३० दिवस तिथं राहायची अट उतरल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळं इथं अडकून घालवलेल्या वर्षांचा त्यात तोटा नाही. पण कार्ड येईपर्यंत देशाबाहेर पडू नका. परत येताना विमानात बसायला तेच विचारतात, नसलं तर वेगळा प्रवासाचा कागद काढावा लागतो. त्या डिसेंबरात आमच्या मामेबहिणीचं लग्न होतं. बहिणीनं अक्षता व्हिडिओवरूनच टाकल्या, कार्ड अजून टपालात होतं.